बंद पडलेल्या गोबर गॅसचं काय?

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात उसाचं पाचट, म्हणजे वाळलेला पाला, जाळण्यावर बातमी होती, त्यात म्हटलंय जाळू नका, त्याचा बायोगॅस करा. वाचून हसू आलं, कारण मी हा उद्योग करून बसलोय.

आमच्याकडं वडिलांनी बांधलेली दीनबंधू पद्धतीची, म्हणजे पक्क्या बांधीव घुमटाची, 2 घनमीटरची गोबर गॅसची टाकी आहे. तिला रोज 50 किलो शेण लागतं आणि तेवढंच पाणी, म्हणजे दावणीला चार-पाच जनावरं पाहिजेत. तेव्हा होती, आता दोन म्हशी. शेण कमी पडायला लागलं म्हणून मी एक दिवस वाळलेलं पाचट तसंच हातभर लांब आत ढकललं, म्हटलं कुजेल की. कसलं कुजतंय! सगळं वर तरंगलं, त्याचा जाड थर धरला आणि आठ दिवसात शेगडी गप्प. टाकी रिकामी करायला गवंडी मिळेना, मिळाला तो म्हणाला आधी झाकण काढून दोन आठवडे उघडी ठेवा. बरोबरच होतं त्याचं, आत वायू साचलेला असतो, तसं उतरून माणसं मेलेली आहेत, कुणी घाई करू नये.

मग डोकं ठिकाणावर आलं. आता पाचट कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये बारीक करतो, स्लरीत (टाकीतून बाहेर पडणारा शेणाचा पातळ राबडा) पाच-सहा दिवस भिजवतो आणि शेणकाल्यात रोज पाटीभरच टाकतो. पाचटात नायट्रोजनच्या मानानं कार्बन शेणापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळं जिवाणूंना नुसतं पाचट झेपत नाही, शेण लागतंच. आता गॅस पुन्हा मिळतो. टाकी भरून चालली तर पंधरा-सोळा दिवसाला एक सिलिंडर वाचल्यासारखं होतं, आणि स्लरी उसाला जाते ती वेगळीच.

सरकारनं 2018 ला 'सतत' नावाची योजना आणली, 2023 पर्यंत देशभर 5000 मोठे सीबीजी (दाबून भरलेला बायोगॅस) प्लांट उभे करायचे होते, त्याच्या जवळपासही पोचलो नाही (नाव मात्र सतत). मोठे प्लांट होऊदेत, माझी हरकत नाही, पण गावोगावच्या टाक्या बंद पडल्यात त्यांचं काय? आमच्या वाडीत अकरा, त्यातल्या चालू तीन. जुन्या लोखंडी ड्रमच्या होत्या त्या गंजून गेल्या, एकीवर कोंबड्या बसतात. तालुक्याला विचारलं तर म्हणाले नवीन टाकीला अनुदान आहे, दुरुस्तीला काही नाही. म्हणजे चांगली टाकी बुजवून शेजारी नवी खणायची का? ड्रमला रंग, पाईप, एखादा शिकलेला गवंडी आणि गावात एक कुट्टी मशीन, एवढ्यात निम्म्या टाक्या चालू होतील.

तुमचा वार्ताहर पाठवा, चहा गोबर गॅसवरच करून देतो. फक्त जानेवारीत नको, थंडीत गॅस निम्म्यावर येतो आणि पाईपात पाणी साचून ज्योत फडफडते.

– एक ऊस उत्पादक, ता. वाळवा, जि. सांगली