रविवारची फेरी : रस्त्याकडेच्या वीरगळांसाठी सूचना

सभासदहो, नमस्कार.

येत्या रविवारी वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभे केलेले कोरीव दगड, पाहायला मुळशीकडे जायचे आहे. सकाळी ६ वाजता कोथरूड डेपोपाशी जमावे. उशीर नको, कारण कोवळ्या तिरप्या उन्हातच झिजलेले कोरीवकाम उठून दिसते. दुपारी तोच दगड सपाट भासतो.

वीरगळ खालून वर पाहावा : तळाशी लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्रसूर्य. चंद्रसूर्याखाली गाढव कोरलेले दिसले तर तो गद्धेगळ, म्हणजे दिलेले दान मोडणाऱ्याला शिवी देणारा दगड. (फोटो काढताना हसू आवरावे, गावकरी बघत असतात!)

अक्षरे उठावीत म्हणून खडू, पीठ, तेल काही लावू नये. मऊ ब्रश आणि साधे पाणी पुरे. शेंदूर लावलेला दगड गावाचा देव आहे, त्याला हात लावायचा नाही.

माहितीफलक दगडाला टेकवून किंवा भोक पाडून बसवायचा नाही; शेजारी वेगळा खांब रोवू, तोही ग्रामपंचायतीची लेखी परवानगी आल्यावरच. रस्ता रुंदीकरणाची आखणी दगडाजवळून जात असेल तर फोटो आणि जागेची खूण त्याच दिवशी ग्रुपवर टाकावी.

डबा आणि पाणी आपापले.

— संयोजक