पेन्सिल सेलवरच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी काकांचे आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही आभार मानू देत नाही. मी सुरुवात केली की लगेच विषय पुढच्या सर्किटवर नेता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. तुम्ही मला जे शिकवलंत ते कमी व्होल्टेजवर ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर बांधणाऱ्या प्रत्येकाच्या हाती पडावं, अशी मनापासून इच्छा आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणाऱ्या, म्हणजे तारेला गुंजणारा सूर यावा म्हणून घोडी घासून बसवणाऱ्या कारागिरांसाठी मी एक छोटा प्रीअ‍ॅम्प (क्षीण सिग्नल आधी वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) करत होतो. घोडीजवळ पिझो डिस्क (कंपनांचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारी चकती) चिकटवायची, जवारी घासण्याआधीचा आणि नंतरचा आवाज टिपून ठेवायचा आणि दोन्ही लागोपाठ ऐकायचे. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून अशा नोंदी राहिल्या पाहिजेत असं मला फार वाटत होतं. पण जानेवारीतल्या नोंदीची तुलना एप्रिलमधल्या नोंदीशी करायची तर मधल्या काळात अ‍ॅम्प्लिफायरचा गेन, म्हणजे तो सिग्नल किती पटीने वाढवतो ते प्रमाण, हलून चालणार नाही. विजेच्या जोडणीतला हम (गुणगुणता आवाज) नको म्हणून सगळं एका पेन्सिल सेलवर चालवायचं होतं. नवा सेल 1.5 व्होल्ट देतो, संपत आला की 0.9. एवढ्यात सगळं बसवायचं.

सुरुवातीची जोडणी सगळीकडे दिसते तशीच होती. दोन बीसी 547 ट्रान्झिस्टरची डिफरन्शियल पेअर (दोन इनपुटमधला फरक वाढवणारी जोडी), जोडलेल्या एमिटरखाली 3.6 किलोओहमचा रेझिस्टर, बेस सेलच्या निम्म्या व्होल्टेजवर (बेस आणि एमिटर हे ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी दोन). सेल 1.5 असताना बेसवर 0.75 येतात. त्यातून बेस-एमिटरचे 0.57 गेले की रेझिस्टरवर 0.18 व्होल्ट उरतात, म्हणजे करंट 50 मायक्रोअँपिअर. सेल 1.2 वर आला की रेझिस्टरवर जेमतेम 0.06 उरतात आणि करंट 16-17 वर घसरतो. सेल उतरला 20 टक्के, गेन राहिला एक तृतीयांश. पाच-नऊ व्होल्टच्या सर्किटमध्ये हा रेझिस्टर खपून जातो, सेलवर नाही. तिथे करंट सोर्सच, म्हणजे करंट ठरलेलाच ठेवणारी जोडणी लागते, हे मला कळत होतं. कोणता, ते कळत नव्हतं.

तेव्हा तुम्ही विचारलंत, "तुला स्थिर काय पाहिजे? करंट की गेन?"

काका, या एका प्रश्नासाठी मी तुमचा कायमचा ऋणी आहे. ट्रान्झिस्टरचा गेन ठरतो करंट भागिले थर्मल व्होल्टेज या हिशोबाने. हे थर्मल व्होल्टेज फक्त तापमानावरून ठरतं; खोलीच्या तापमानाला ते सुमारे 26 मिलिव्होल्ट असतं आणि दर अंशाला 0.33 टक्क्याने वाढतं. म्हणजे करंट अगदी दगडासारखा स्थिर ठेवला तरी 15 अंशांच्या सकाळपासून 35 अंशांच्या दुपारपर्यंत गेन साडेसहा टक्क्यांनी खाली येतो. नेहमीचा दोन ट्रान्झिस्टरचा सोर्स, ज्यात एकाचं बेस-एमिटर व्होल्टेज रेझिस्टरवर बसवतात, तो तर उलट्या दिशेने जातो. ते व्होल्टेज दर अंशाला 2 मिलिव्होल्टने कमी होत असल्यामुळे करंटही घटतो आणि गेनची घसरण दुप्पट होते. गेन जागेवर ठेवायचा तर करंट केल्विन तापमानाच्या प्रमाणात वाढला पाहिजे. हे ऐकल्यावर मला आधी पटलंच नाही, मग कागदावर मांडलं आणि पटलं.

पुढचं सर्किट तुम्ही आयसी (एका चिपवरची सर्किटं) डिझाइन करणाऱ्या बॉब विडलरच्या युक्तीवरून काढून दिलंत. समोरासमोर दोन एनपीएन ट्रान्झिस्टर, त्यांतला एक एकटा आणि दुसऱ्याच्या जागी चार समांतर. फक्त या चारांच्या एमिटरखाली रेझिस्टर. वर पीएनपीचा (उलट्या ध्रुवतेच्या ट्रान्झिस्टरचा) आरसा, म्हणजे करंट मिरर, दोन्ही बाजूंना सारखाच करंट पाठवणारा. चारपट फरकामुळे रेझिस्टरवर थर्मल व्होल्टेजच्या 1.39 पट, म्हणजे 36 मिलिव्होल्ट पडतात. 680 ओहम लावला की 53 मायक्रोअँपिअर. सेल किती भरलेला आहे याचा या हिशोबात कुठे संबंधच येत नाही, आणि एक बेस-एमिटर व्होल्टेज अधिक थोडं, एवढं मिळालं की काम भागतं. विडलरने पुढे एलएम 10 हा ऑपअँप (चिपवरचा तयार अ‍ॅम्प्लिफायर) 1.1 व्होल्टवर चालवून दाखवला होता, हेही मला तुमच्याकडूनच समजलं.

36 मिलिव्होल्ट ही रक्कम किती लहान आहे, ते तुम्ही ट्रान्झिस्टर निवडायला बसवलंत तेव्हा खरं समजलं. जोड्यांच्या बेस-एमिटर व्होल्टेजमध्ये 2 मिलिव्होल्टचा फरक राहिला तर करंट साडेपाच टक्के चुकतो. आणि 2 मिलिव्होल्ट म्हणजे नुसता एक अंश! चिमटीत धरलेल्या ट्रान्झिस्टरचा आकडा मल्टिमीटरवर सरकत राहतो. तुम्ही लाकडी चिमट्याने तो सॉकेटमध्ये बसवायचात, पंखा बंद करायचात आणि आकडा थांबेपर्यंत कुणाला बोलू द्यायचा नाहीत. एकाच पट्टीतले, 1 मिलिव्होल्टच्या आत जुळणारे पाच निवडून ते एका स्लीव्हमध्ये पाठीला पाठ लावून बांधायचे, म्हणजे गरम-थंड सगळे एकत्र होतात. वरच्या आरशाच्या दोन्ही एमिटरला प्रत्येकी 1 किलोओहम घालायला लावलात, तेही इथेच. 50 मिलिव्होल्ट खर्च झाले, पण न जुळण्याची चूक तिसऱ्या हिश्श्यावर आली. 0.9 व्होल्टच्या जमाखर्चात तेवढं परवडतं, असा तुमचा निर्णय होता आणि तो योग्य ठरला.

शून्य करंटचीही गोष्ट आहे. हे सर्किट स्वतःलाच आधार देतं, त्यामुळे काहीच करंट नसतानाही ते तसंच समाधानाने बसून राहू शकतं. एक मेगओहमचा रेझिस्टर सेलपासून खालच्या बेसकडे टाकला की ते जागं होतं. याबद्दल तुम्ही आधीच बजावून ठेवलं नसतं तर बंद पडलेल्या डब्यात मी कुठे कुठे शोधत बसलो असतो!

पेअरच्या बेसचा बायस, म्हणजे तिथलं स्थिर व्होल्टेजही तुम्ही सेलच्या निम्म्यावरून काढलात आणि त्याच करंटची प्रत डायोडसारख्या जोडलेल्या ट्रान्झिस्टरमधून व 3.9 किलोओहममधून नेऊन 0.77 व्होल्टवर बांधलात. आता सेल 1.5 असो की 1.0, पेअरखालच्या सोर्सला त्याचे 0.2 व्होल्ट मिळतातच. कारागीर सेल बदलतात आणि नोंदीतल्या पातळीत काही फरक दिसत नाही. खरजाच्या तारेचा गुंजारव आधीचा आणि आताचा, दोन्ही एकाच मापाने ऐकू येतात.

जुळवलेल्या ट्रान्झिस्टरची पाकिटं तुम्ही प्रत्येकावर आकडा लिहून पोस्टाने पाठवलीत आणि पैशांचं नाव काढू दिलं नाहीत. त्याबद्दल वेगळे आभार.

आता एक विनंती. तुमच्या वहीतलं ते जमाखर्चाचं पान, 0.9 पासून खाली एकेक व्होल्टेज वजा करत नेलेलं, स्वच्छ उतरवून मला इथल्या कारागिरांच्या मुलांना द्यायचं आहे. पुढचे डबे ती बांधणार आहेत. चालेल ना? आणि पानावर तुमचं नाव घालू द्याल का, तेवढं कळवा.

काकूंना नमस्कार. लोभ असावा.

तुमचा,
मिरजेचा विद्यार्थी