'गरीब मुलगा, श्रीमंत मुलगी' एवढ्यावर भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत कोवळ्या वयातल्या प्रेमपटांवरचा लेख वाचला. 'बॉबी'पासून 'सैराट'पर्यंत सगळे चित्रपट लेखकाने एकाच माळेत ओवले आहेत आणि 'गरीब-श्रीमंतीचा तोच तो मसाला' म्हणून हातावेगळे केले आहेत. वर 'यामुळे मुलं पळून जातात' हा ठरलेला शेराही आहे. दोन्ही गोष्टी पटल्या नाहीत, म्हणून हे पत्र. थोडं लांबलं आहे, पण कात्री लावताना तपशील तेवढे राहू द्यावेत.

चोरून बघणं, चिठ्ठ्या, मित्रांची धावपळ, मग बापाला लागणारी कुणकुण, हे या सगळ्या चित्रपटांत थोड्याफार फरकाने सारखंच असतं. चित्रपट वेगळा ठरतो तो त्यापुढे. दोघं घराबाहेर पडल्यावर खोलीचं भाडं कुठून येतं, संडास किती लांब आहे, कामावर कोण जातं, कागदावर वय काय लागतं, आणि हे दाखवायला दिग्दर्शक पडद्यावरचा किती वेळ मोडतो, एवढं पाहिलं तरी लेखातली माळ तुटते.

'बॉबी' 28 सप्टेंबर 1973 ला आला. ख्वाजा अहमद अब्बास आणि वि. प. साठे हे त्याचे लेखक. त्यात दरी खरी आहे. मुंबईचा धनाढ्य नाथ आपल्या राजाच्या वाटेतून बॉबीला दूर करण्यासाठी तिच्या बापाला, गोव्याच्या मच्छीमार जॅक ब्रागांझाला, पैसे देऊ करतो, तेव्हा जॅक उसळतो. तो प्रसंग आजही दमदार वाटतो. पण राजा आणि बॉबी पळून गेल्यावर एक आठवडाही स्वतःच्या कमाईवर काढत नाहीत. बक्षिसाची जाहिरात, गुंड, पाठलाग आणि शेवटी पाण्यात उड्या. नाथ बॉबीला वाचवतो, जॅक राजाला वाचवतो आणि दोन बापांचं मनोमीलन होतं. ज्या पैशावरून एवढं रामायण झालं त्याचा हिशोब कुणी मागत नाही.

1989 च्या 'मैंने प्यार किया'मध्ये निदान आकडा तरी आहे. मुलीचा बाप अट घालतो की महिन्याभरात स्वतःच्या घामाचे 2000 रुपये कमवून आण. नायक ट्रक चालवतो, खाणीत दगड उचलतो. हिंदी प्रेमपटात मजुरीचा रोकडा आकडा क्वचितच ऐकू येतो, तेव्हा हे श्रेय द्यायलाच हवं. मात्र श्रीमंत पोरासाठी ती महिन्याभराची परीक्षा असते. पास झाला की बंगला आहेच. शेजारी दगड फोडणाऱ्या मजुराला असा निकाल लागायचा नसतो, आणि कॅमेराही त्याच्याकडे वळत नाही.

मराठीत आलं की गोष्ट वेगळी होते, कारण आपल्याकडे पैशाच्या दरीखाली जातीची दरी असते. 'टाइमपास' (3 जानेवारी 2014) हे वरवर पाहता दहावी नापास दगडू आणि गाणं शिकणाऱ्या प्राजक्ताचं हलकंफुलकं प्रकरण आहे. पण प्राजक्ताच्या वडिलांना, माधव लेल्यांना, दगडूचा राग येतो तो केवळ तो रिक्षावाल्याचा मुलगा आहे म्हणून नाही. त्याची भाषा, त्याचे कपडे, त्याचं मोठ्याने हसणं, सगळंच त्यांना खुपतं. हा खाचखळगा रवी जाधवांनी विनोदाच्या आडून बरोबर पकडला. पुढच्या भागात गोड शेवट करून तो बुजवला, हेही खरं.

त्यानंतर दीड महिन्याने, 14 फेब्रुवारी 2014 ला 'फॅण्ड्री' लागला. व्हॅलेंटाइन डेला. त्यात पळून जाणं दूरच, दलित घरातल्या जब्याचं वरच्या जातीच्या शालूशी धड बोलणंही होत नाही. त्याला हवी असते एक जीन्स, आणि त्या जीन्ससाठी पैसे साठवताना तो कोणकोणत्या उचापती करतो हे नागराज मंजुळे सावकाश दाखवतात. मग जब्याच्या कुटुंबाला गावातली डुकरं धरावी लागतात तो प्रसंग. वर्गातली मुलं, शालूसकट, तमाशा बघायला जमली आहेत. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं. बाप कचरू, जब्या, सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं आणि डुक्कर निघून जातं. थेटरात आधी हशा उठतो, मग तो आपोआप विरतो. आंतरवर्गीय प्रेमाबद्दल इतकं नेमकं दृश्य दुसरं सापडत नाही, आणि त्यात प्रेमाचा एक शब्दही नाही.

आता मंजुळ्यांचाच 'सैराट'. 29 एप्रिल 2016, लांबी 174 मिनिटं. चारही गाणी पूर्वार्धातच संपतात. हा योगायोग नव्हे, ती मांडणी आहे. लॉस एंजेलिसला ध्वनिमुद्रित केलेला अजय-अतुल यांचा तो भलामोठा वाद्यवृंद करमाळ्याच्या शेतांवरून वाजतो तोवर प्रेक्षक हिंदी प्रेमपटाच्या सवयीनेच बघत असतो. हैदराबादला उतरल्यावर वाद्यवृंद गप्प होतो आणि झोपडपट्टी सुरू होते. बड्या पुढाऱ्याच्या घरातल्या, बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्या आर्चीला तिथला वास सहन होत नाही, सार्वजनिक संडासात जाववत नाही. तिच्यासोबत पळालेला मच्छीमाराचा पोर परश्या सुमनअक्काच्या डोशाच्या गाडीवर कामाला लागतो. आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात जाते, सोबतच्या बाईकडून तेलुगू शिकते. ती कमावती होते, चार लोकांशी हसूनबोलून राहते, तसा परश्याला संशय येतो आणि त्याचा हात उठतो. ज्याच्या प्रेमासाठी आपण तासभर जीव टाकला तोच हा मुलगा. तो बाहेरून आलेला खलनायक नाही. दमलेला, बिथरलेला, घरात आपलं चालावं असं वाटणारा एक साधा नवरा आहे. मुलगी वर्गाने वरची आणि मुलगा पुरुष म्हणून वरचा, या दोन उतरंडींची टक्कर किशोरवयीन प्रेमपटात इतक्या उघडपणे क्वचितच आली असेल. तमिळमध्ये 2004 च्या 'काधल'ने मदुराईची श्रीमंत मुलगी आणि मेकॅनिक मुलगा चेन्नईत खोलीसाठी वणवण करताना दाखवले होते, तो या वाटेवरचा आधीचा दगड.

पूर्वार्धातला पोलीस ठाण्याचा प्रसंगही लेखकाच्या नजरेतून निसटलेला दिसतो. परश्या आणि त्याच्या मित्रांवर बलात्काराची खोटी तक्रार घालण्याचा घाट आर्चीचा बाप घालतो आणि ती ठाण्यातच त्याला आडवी जाते. बाहेर असंच घडतं, फक्त मुलगी 18 च्या आतली असेल तर तिच्या आडवं जाण्याला कायद्यात फारशी किंमत नसते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पोक्सो कायद्यात 18 खालच्या मुलीची संमती धरली जात नाही. मुलगा तिच्याहून वर्षा-दोन वर्षांनीच मोठा असला तरी तो आरोपी होतो. अपहरणाची फिर्याद वेगळीच.

'सैराट'चे कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली असे अवतार निघाले. हिंदीतला 'धडक' जुलै 2018 मध्ये आला. 'झिंगाट' घेतलं, पळापळ घेतली, करमाळ्याचं उदयपूर झालं आणि हैदराबादचं कोलकाता. मच्छीमाराच्या पोराच्या जागी उपाहारगृह चालवणाऱ्या घरातला मुलगा आला, त्यामुळे दरी अर्धी तिथेच बुजली. उरलेली अर्धी जातीचं नाव पुसट केल्यावर गेली. आता मुलीकडचे एवढे खवळतात कशावरून, हे प्रेक्षकाने स्वतःच समजून घ्यायचं. शेवटही बदलला. 'सैराट'मध्ये मुलीकडच्यांच्या हातून दोघंही जातात आणि उरतं ते पोर, रक्तात भरलेल्या पावलांनी चालणारं, आवाज पूर्ण बंद. हे बघून कुणाला पळून जायचा हुरूप येत असेल यावर आमचा विश्वास नाही.

खरा दोष कुठे असेल तर तो पुढे आलेल्या नकलांत, विशेषतः कॉलेजच्या एकांकिका आणि लघुपटांत. त्यांचं हमखास चुकतं ते 'कोर्ट मॅरेज'पाशी. सकाळी एसटी पकडली, दुपारी वकील भेटला, संध्याकाळी हार घालून बाहेर! मुळात हे लग्न कोर्टात होतच नाही, विवाह अधिकाऱ्यापुढे होतं. 1954 च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे मुलगी 18 आणि मुलगा 21 पूर्ण हवा. नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस राहिलेला हवा. नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते आणि हरकतींसाठी आणखी 30 दिवस थांबावं लागतं. म्हणजे परक्या शहरात उतरल्यापासून किमान 60 दिवस. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद, सगळं पहिल्यापासून. साक्षीदार तीन लागतात, आणि नव्या शहरात ओळखीची तीन माणसं आणायची कुठून हा प्रश्न आलाच. सगळ्यात वाईट कलम पुढे आहे. कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिथेही लावली जाते. ज्या गावातून पळाले, त्याच जिल्ह्याच्या भिंतीवर नवा पत्ता! पटकथा लिहिणाऱ्याला यापेक्षा मोठा ताण आयता कुठे मिळणार? तरी एकही पोरगा हे लिहीत नाही.

दोघंही हिंदू असतील (कायद्याच्या लेखी यात बौद्ध, जैन, शीखही आले) तर 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने आधी विधी आणि मग नोंदणी ही वाट आहे. तिला 30 दिवसांची नोटीस नाही. विधी लावणाऱ्याची आणि तीन साक्षीदारांची सही, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो. जात वेगळी पण धर्म एक असलेली जोडपी बहुधा हीच वाट धरतात. 21 पूर्ण नसलेल्या मुलाला मात्र दोन्हीकडे दार बंद आहे, आणि आपल्या प्रेमपटांतले निम्मे नायक तर अकरावी-बारावीत असतात.

सर्वोच्च न्यायालयाने घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न करणाऱ्यांच्या संरक्षणाबद्दलच्या 27 मार्च 2018 च्या 'शक्तिवाहिनी' निकालात जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष, 24 तासांची हेल्पलाइन आणि अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा यांबद्दल निर्देश दिले. निवारा सुरुवातीला महिनाभर, नंतर महिन्या-महिन्याने वाढवून जास्तीत जास्त वर्षभर, नाममात्र शुल्कात. 'धडक' त्यानंतर चार महिन्यांनी लागला. या निवाऱ्यातल्या दोन खाटा आणि दारावरचा पोलीस यांवर एखादा चित्रपट निघायला हरकत नव्हती.

आपल्याला विनंती एवढीच की या विषयावर पुन्हा लेख छापाल तेव्हा शेजारी छोटी चौकट द्यावी. लग्नाचं वय 18 आणि 21. तातडीच्या मदतीसाठी 112, महिलांसाठी 181, 18 च्या आतल्या मुलामुलींसाठी 1098. आणि आपल्या जिल्ह्याच्या विशेष कक्षाचा क्रमांक, तो मात्र पोलीस अधीक्षक कार्यालयातून आपल्या वार्ताहराने विचारून, एकदा लावून बघून मगच छापावा.

आपला,
एक नियमित वाचक,
सोलापूर