मोटर बदलण्याआधी ड्रायव्हर तपासा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की नऱ्हे-धायरी भागातल्या छोट्या शेडमधून रात्री उशिरापर्यंत लाकूड कोरणाऱ्या राउटरचा आवाज येत राहतो. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि मखरांचे बरेच काम प्लायवूड, एमडीएफ आणि पुठ्ठ्याकडे वळले. ते काम धरण्यासाठी कितीतरी तरुणांनी स्वतःच संगणकाच्या आज्ञेने चालणारे सीएनसी राउटर बांधले आहेत. ॲल्युमिनियमचे सेक्शन, दोन-तीन लीडस्क्रू, तापकीर गल्लीतून आणलेला सप्लाय आणि वायरी, ऑनलाइन मागवलेल्या, छोट्या ठरावीक पावलांनी (स्टेपने) फिरणाऱ्या स्टेपर मोटर आणि त्यांना करंट पुरवणारे ड्रायव्हर बोर्ड. ही मुले कर्ज काढून, घरच्यांची समजूत घालून मशीन उभे करतात. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून बरीच वर्षे भोसरीत मशीन मेंटेनन्सला होते, आता धायरीत अशी घरगुती मशीन दुरुस्त करते. श्रावण लागला की येणारा जवळजवळ प्रत्येक जण एकच सांगतो, "ताई, मोटर गेली."

मोटर बहुतेक वेळा गेलेली नसते. स्टेपरमध्ये जाण्यासारखे असते तरी काय? चुंबक असलेला रोटर, दोन बेअरिंग, तांब्याची दोन वाइंडिंग. ब्रश नाही, कम्युटेटर नाही. मशीनचा सप्लाय पूर्ण बंद करून मोटरच्या चारही वायरी सोडवा आणि शाफ्ट बोटांनी फिरवा. तो हलके टिकटिक करत फिरेल. आता कोणत्याही दोन वायरींची टोके एकमेकांना जोडून पुन्हा फिरवा. ज्या जोडीला शाफ्ट एकदम जड होतो ती एका वाइंडिंगची जोडी, उरलेली दुसरी. दोन्ही जोड्यांचा रेझिस्टन्स मल्टिमीटरवर सारखा आला आणि मोटरच्या बॉडीशी काहीच लागत नसेल, तर ती मोटर ठणठणीत आहे. यासाठी कोणाला पैसे द्यावे लागत नाहीत. तरीही "मोटर बदल" हा सल्ला विक्रेत्याकडून सर्रास मिळतो, नवी मोटर येते, आणि मशीन पुन्हा तसेच वागते.

कात्रजच्या एका मुलाचे मशीन मागच्या हंगामात माझ्याकडे आले. मखराच्या मागची जाळी कापताना नक्षी हळूहळू डावीकडे सरकत होती. पहिली ओळ बरोबर, मधल्या ओळी किंचित तिरक्या, शेवटची ओळ चौकटीत घुसलेली. त्याने एक्स अक्षाची मोटर दोनदा बदलली होती. मी आधी मोटर आणि स्क्रू जोडणारे कपलिंग आणि शाफ्टवर मिळून मार्करने एक रेघ मारली आणि जाळी पुन्हा कापायला लावली. रेघ तुटली नाही, म्हणजे कपलिंग आवळणारा ग्रब स्क्रू घसरत नव्हता. मग फीड, म्हणजे कापण्याचा वेग, निम्म्यावर आणला. वेगामुळे किंवा ॲक्सिलरेशनमुळे मोटर स्टेप सोडत असेल तर हळू चालवल्यावर चूक कमी होते. इथे ती तेवढीच राहिली. सरळ लांब रेघ कापली तर माप अचूक आले. अक्ष शंभर वेळा पुढे-मागे केला की मात्र सूक्ष्म सरक मोजणारा डायल गेज शून्यावर परत येत नव्हता. चूक अंतराबरोबर वाढत नव्हती, दिशा किती वेळा बदलते त्याच्याबरोबर वाढत होती.

हे ओळखू आले की दोष कुठे आहे ते कळते. कंट्रोलर बोर्ड ड्रायव्हरला दोन सिग्नल देतो, एक स्टेपचा पल्स आणि एक दिशेचा. डीएम५४२ जातीच्या ड्रायव्हरच्या पत्रकात स्पष्ट लिहिलेले असते की दिशेचा सिग्नल पल्सच्या निदान ५ मायक्रोसेकंद आधी पोचला पाहिजे. कंट्रोलरवर चालणारे जीआरबीएल हे सॉफ्टवेअर मूळ सेटिंगवर हे दोन्ही जवळजवळ एकदमच पाठवते. मग दिशा बदलल्यानंतरचा पहिला पल्स जुन्याच दिशेने मोजला जातो. त्यातून ड्रायव्हरमध्ये सिग्नल प्रकाशाने पलीकडे पोचवणाऱ्या ऑप्टोकपलरला चालू व्हायला जितका वेळ लागतो तितकाच बंद व्हायला लागत नाही. म्हणून जातानाची चूक येताना फिटत नाही, ती एकाच बाजूला साचते. त्या मुलाच्या मशीनला फेऱ्याला ५ मिमी सरकवणारा स्क्रू आणि फेऱ्याला १६०० मायक्रोस्टेप (स्टेपचे बारीक तुकडे) होत्या, म्हणजे मिलिमीटरला ३२०. एक पल्स उलटा गेला की दोन मायक्रोस्टेपचा, म्हणजे सुमारे ०.००६ मिमीचा फरक. एरवी तो डोळ्यांना दिसणार नाही. पण जाळीत दिशा शेकडो वेळा बदलते, आणि अशा ४०० बदलांत चूक अडीच मिमी होते. उपाय होता जीआरबीएलमधल्या ‘$२’ या एका सेटिंगचा. स्टेपचा सिग्नल उलटा केला की ड्रायव्हर पल्सच्या दुसऱ्या कडेवर पाऊल टाकतो, आणि दिशेच्या सिग्नलला पल्सच्या रुंदीइतका वेळ, म्हणजे सुमारे १० मायक्रोसेकंद मिळतात. तीनही अक्षांसाठी तिथे ७ लिहायचे. जाळी त्याच संध्याकाळी सरळ कापली गेली. बदललेल्या दोन्ही मोटर चांगल्या होत्या.

निवडीतही असेच अर्धवट माहितीवर चालते. आपल्याकडे स्टेपर मोटर "किलो"वर विकली जाते, दहा किलोची, एकोणीस किलोची. तो आकडा किलो-सेंटिमीटरचा, आणि तोही मोटर जागेवर उभी असतानाचा. मशीनला ताकद फिरताना लागते. फिरताना किती ताकद उरेल हे वाइंडिंगच्या इंडक्टन्सवर, म्हणजे करंट बदलायला ते किती अडवते त्यावर, आणि सप्लायच्या व्होल्टेजवर ठरते, आणि नेमके हेच दोन आकडे विचारले जात नाहीत. समजा मोटर २.८ अँपिअरची, इंडक्टन्स २.५ मिलिहेन्री. १२ व्होल्टवर वाइंडिंगमध्ये पूर्ण करंट चढायला सुमारे ०.५८ मिलिसेकंद लागतात, २४ वर ०.२९, ३६ वर ०.१९. मोटर मिनिटाला ६०० फेरे घेत असेल तर एका पूर्ण स्टेपसाठी अवघा अर्धा मिलिसेकंद मिळतो. म्हणजे १२ व्होल्टवर करंट पुरता चढण्याआधीच पुढची स्टेप येते, मोटर गुरगुरते आणि अडकते. मोटरवर ३ व्होल्ट लिहिले आहे म्हणून घाबरून कमी व्होल्टेज देणारी मुले मी पाहिली आहेत. करंट मर्यादेत ठेवणे हे ड्रायव्हरचे कामच आहे. मिलिहेन्रीच्या वर्गमुळाला ३२ ने गुणा, येईल तो व्होल्टेजचा वरचा आकडा, असा एक जुना ठोकताळा आहे. २.५ मिलिहेन्रीला तो ५० च्या आसपास येतो, तेव्हा ३६ व्होल्टचा सप्लाय योग्य. ५० व्होल्टच्या ड्रायव्हरला अगदी ४८ देऊ नये. जड अक्ष थांबताना मोटर जनरेटर होते आणि सप्लायची लाइन वर ढकलते.

ड्रायव्हरच्या डब्यावर छापलेल्या आकड्यांबद्दल मला मनापासून राग येतो. टीबी६६०० या नावाने बाजारात मिळणाऱ्या अनेक डब्यांत उघडून पाहिले तर तोशिबाची टीबी६७एस१०९ ही निराळीच चिप निघते. ती चिप वाईट नाही. पण वर ४ अँपिअर छापलेले असते, तो क्षणिक टोकाचा आकडा. हीटसिंकवर पंखा नसताना त्याच्यावर तासन्‌तास काम घेता येत नाही. डीएम५४२ च्या स्विचच्या तक्त्यात पीक (क्षणिक टोकाचा) आणि आरएमएस (परिणामी सरासरी) असे करंटचे दोन रकाने असतात. पीक ४.२ म्हणजे आरएमएस ३. मुलांना हा फरक कोणी सांगितलेला नसतो.

ए४९८८ चिपच्या छोट्या ड्रायव्हर बोर्डांचे दुखणे याहून साधे. करंटची मर्यादा ठरवण्यासाठी बोर्डवर जे व्होल्टेज लावतात ते व्हीरेफ, आणि ते म्हणजे करंट गुणिले ८ गुणिले सेन्स रेझिस्टर (करंट मोजणारा रेझिस्टर). बोर्डवरच्या त्या रेझिस्टरवर आर१०० (०.१ ओहम) लिहिले असेल तर १ अँपिअरला ०.८ व्होल्ट, आर०५० (०.०५ ओहम) असेल तर ०.४. व्हिडिओत पाहून आर०५० वर ०.८ लावले की मोटरला थेट दुप्पट करंट जातो, आणि चिप तापून मध्येच बंद होते, गार झाली की पुन्हा सुरू होते. ही थांबून-थांबून चालणारी मोटरसुद्धा "गेलेली" ठरते. आणि सप्लाय चालू असताना मोटरचा कनेक्टर कधीच ओढू नका. वाइंडिंगमधला करंट एकदम तुटला की उसळणारे व्होल्टेज ड्रायव्हर मारते, आणि तो खरोखर मरतो. मोटर हाताला चटका देईल इतकी तापते ही तक्रारही नेहमीची. बहुतेक स्टेपरचे इन्सुलेशन बी वर्गाचे, आत १३० अंश सोसणारे असते, तेव्हा बाहेरून ६०-७० अंश असणे हा बिघाड नाही.

संपादक महाशय, आपल्या वृत्तपत्रामार्फत मला दोन ठिकाणी बोलायचे आहे. एक, शहरातल्या आणि ऑनलाइन विक्रेत्यांशी. मोटरसोबत फेज करंट, रेझिस्टन्स, इंडक्टन्स आणि वायरींच्या रंगांच्या जोड्या द्या. ड्रायव्हरसोबत आतल्या चिपचे खरे नाव, पीक आणि आरएमएस दोन्ही करंट, आणि दिशा व पल्स यांच्यातला किमान वेळ द्या. अर्ध्या पानावर मावेल एवढेच हे आहे. उत्पादकाच्या पत्रकात ते असते, ग्राहकापर्यंत पोचेतो गळून जाते. दोन, पॉलिटेक्निक आणि आयटीआयच्या शिक्षकांशी. प्रकल्प म्हणून सीएनसी बांधून घेता, त्याचे परीक्षण करताना मशीन फिरते की नाही एवढ्यावर गुण देऊ नका. डायल गेज लावा, अक्ष शंभर वेळा पुढे-मागे करा आणि तो शून्यावर आला का पाहा. आला नाही तर का आला नाही, हे विद्यार्थ्याला शोधायला लावा. शिरूर तालुक्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब आहे, हाताने करून शिकण्याची परंपरा आपल्या जिल्ह्याला नवी नाही.

मखरांच्या ऑर्डरी घेतलेल्या आणि आत्ता मशीन अडलेल्या मुलांना एवढेच सांगते. नवी मोटर मागवण्याआधी वर लिहिलेली वायरींची तपासणी करा, कपलिंगवर रेघ मारा, फीड निम्मा करून पाहा आणि आलेले आकडे कागदावर लिहून ठेवा. तो कागद घेऊन कोणाही जाणकाराकडे गेलात तर निम्मे काम झालेले असेल.

आपली नम्र,
एक मशीन दुरुस्ती करणारी वाचक
धायरी, पुणे