घरभर पाहुणे आणि आपली जीभ

प्रिय पक्या,

तुझे मेसेज दिसत होते पण उत्तर द्यायला उसंत मिळाली नाही, रागावू नकोस. आठवडाभर घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आधी मामा-मामी आले, मग ताई दोन्ही पोरांना घेऊन, आणि ते कमी म्हणून मामेबहीण तिच्या मैत्रिणीला घेऊन आली, मैत्रिणीचा इंटरव्ह्यू होता. सकाळी बाथरूमपुढे रांग, रात्री गाद्या घाला, सकाळी उचला, चार्जरवरून मारामाऱ्या, आणि ऑफिसचे कॉल मी जिन्यात बसून घेतले. असो, पाहुणे म्हटल्यावर हे आलंच, सांगायचंय ते वेगळंच.

ती मैत्रीण, शलाका, जन्मापासून पूर्ण अंध आहे. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांची जी काय तारांबळ उडाली! मामी तिला म्हणाली "हे बघ ना गं" आणि लगेच जीभ चावली. मग "टीव्ही बघतेस का, म्हणजे ऐकतेस का, म्हणजे लावू का". शेवटी शलाकाच म्हणाली, काकू बिनधास्त बोला, मी पण टीव्ही बघते असंच म्हणते. तेवढ्यात भाचा मोबाईलमधे डोकं घालून आला आणि पाण्याच्या ग्लासला लाथ मारून गेला. ताई तिथूनच ओरडली, "आंधळा झालायस का, डोळे फुटले का तुझे?" आणि गंमत म्हणजे तेव्हा कुणीच जीभ चावली नाही! ज्या शब्दाने तिला काही होत नाही तो आम्ही गिळत होतो आणि जो खरोखर शिवी म्हणून वापरला तो कुणाच्या कानालाही लागला नाही, कारण शिवी भाच्याला होती ना, तिचा काय संबंध.

आता त्याच टेबलावर शलाका ग्लास कसा घेते बघ. हात टेबलालगत ठेवून बोटांची मागची बाजू हळूहळू पुढे सरकवते, काच लागली की मग पकडते, आणि प्यायल्यावर बरोबर त्याच जागी ठेवते. आठवडाभर तिच्या हातून थेंब सांडला नाही, बाकी सगळ्यांनी सांडलं. म्हणजे भाच्याला म्हणायचं होतं वेंधळा, धांदरट, बेफिकीर, शब्दांची काय कमी आहे आपल्याकडे? पण तोंडात येतं आंधळाच.

त्यानंतर मी उगाच कान लावून बसलो. मामांच्या मते प्रत्येक अंपायर आंधळा, दोनदा हाक मारून आलं नाही की पोरगं बहिरं, सोसायटीच्या सेक्रेटरीने दिलेलं कारण म्हणजे लंगडी सबब, ताईने उशा सरळ लावल्या की "मला बाई ओसीडी आहे" (खरं तर तो एक मानसिक आजार आहे), आणि भाच्यांच्या तोंडी दर वाक्याला येडा नाहीतर मेंटल. कुणाच्याही मनात वाईट नाही रे, हे मला शंभर टक्के माहितीये. पण चूक, मूर्खपणा, खोटेपणा, काहीही दाखवायचं झालं की आपण बरोबर कुणाच्या तरी शरीराकडे नाहीतर आजाराकडेच बोट दाखवतो.

मामांनी मग बाजू बदलली. म्हणाले आता आंधळा म्हणायचं नसतंच, दिव्यांग म्हणायचं, पंतप्रधानांनीच २०१५ च्या डिसेंबरात मन की बातमधे सांगितलंय. शलाका हसली. "दिव्य काय आहे काका त्यात? साधं अंध म्हणा, मला चालतं." इंटरव्ह्यूच्या ठिकाणी फॉर्मवर दिव्यांग असं छान छापलेलं होतं म्हणे, आणि आतला माणूस शेजारी बसलेल्या माझ्या बहिणीला विचारत होता, "यांना पाणी हवंय का?" शब्द अगदी शुद्ध, वागणूक ही अशी.

म्हणून नुसते शब्द बदलून भागत नाही हे मला पटतं. मोरॉन हा इंग्रजी शब्द गोडार्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९१० मधे बुद्धीच्या शास्त्रीय वर्गवारीसाठी काढला होता, आज ती शिवी आहे. आपल्या १९९५ च्या अपंगांसाठीच्या कायद्यात 'मेंटल रिटार्डेशन' होतं, २०१६ च्या कायद्यात ते जाऊन बौद्धिक अक्षमता आली, अपंगत्वाचे सातच्या जागी एकवीस प्रकार आले, आणि इकडे भाच्याच्या शाळेत पोरं एकमेकांना चिडवतात, "स्पेशल आहेस का रे?" नव्या कपाला जुन्या चहाचा डाग लागतोच. पण म्हणून कप विसळायचाच नाही हे मामांचं लॉजिक मला मान्य नाही. "मग सगळ्या म्हणी बाद करा" म्हणाले. करा कोण म्हणतंय! पण आंधळं दळतं कुत्रं पीठ खातं ही म्हण आपण वापरतो कुठे, तर चांगले डोळे असलेली माणसं जिथे मिळून खातात तिथे.

अंधश्रद्धा या शब्दाचं काय करायचं ते मात्र मला सुचेना, तर शलाकालाच विचारलं. ती म्हणाली त्याने मला फार काही होत नाही, खटकतं ते 'डोळस' म्हणजे शहाणा, विचारी, असं सगळे गृहीत धरतात तेव्हा. डोळस वाचक, डोळस भूमिका. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं कधी.

आणि स्वतः ती भयंकर जोक मारते. रात्री लाईट गेले, सगळे मेणबत्त्या शोधत धडपडतायत आणि ही म्हणते, "मला हाक मारा, वाट दाखवते." मामीला हसावं की नाही कळेना. सुप्रीम कोर्टाने २०२४ च्या जुलैमधे एका निकालात हाच फरक सांगितलाय, अपंगत्वाबद्दलचा समज बदलणारा विनोद वेगळा आणि अपंग माणसाला कमी लेखणारा विनोद वेगळा. मामीला सांगितलं तर म्हणाली, कोर्ट कशाला मधे आणतोस, मला हसू येतंय म्हणजे येतंय.

ताई जाईपर्यंत "आंधळ्या" म्हणून भाच्याला हाका मारतच होती, पण शेवटी शेवटी मधेच थांबून "वेंधळ्या" करायची, त्यावर भाचा जास्तच चिडायचा. तूही ग्रुपवर तुझ्या बॉसला मेंटल म्हणणं सोड आता, गेंड्याच्या कातडीचा म्हण, जास्त लागू पडतं.

शलाकाचा निकाल अजून आलेला नाही, आला की कळवतो. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का? आणि तू येणार असशील तर आधी फोन कर बाबा, गाद्या आत्ताच कुठे माळ्यावर गेल्यात.

तुझाच,
नंदू