आधी प्रभू, मग नातेवाईक

संपादक साहेब, नमस्कार. मी कळव्याला राहते, घरात एकटीच ख्रिस्ती. यंदा चुलत भावाचा साखरपुडा नेमका गुड फ्रायडेला ठेवला, मी काकांना आधीच सांगितलं की दुपारी तीनची उपासना सोडणार नाही, संध्याकाळी येते, तर महिनाभर कोणी फोन घेतला नाही, आईसुद्धा रडली, ते मला फार लागलं. पण बायबलमध्ये मत्तय १०:३७ मध्ये येशूने स्पष्टच सांगितलंय, आईबापावर माझ्यापेक्षा जास्त प्रेम करणारा माझ्या योग्य नाही. म्हणजे घरच्यांना टाकून द्या असं नाही हो, देवाचं नाव पुढे करून आईबापाला मदत नाकारणाऱ्यांना तोच मार्क ७ मध्ये खडसावतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी किती सोसलं, नंतर त्यांनी स्वतःहून तोच रस्ता धरला. आईची औषधं अजून मीच आणते, रविवारी चर्चवरून येताना.

– एक वाचक, कळवा, ठाणे