टांगाईलच्या जवानांचे अनुभव नोंदवून ठेवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दरवर्षी १६ डिसेंबरला ढाक्यातल्या पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीचं छायाचित्र छापून येतं आणि ते यायलाच हवं. पण त्याआधी पाच दिवस, ११ डिसेंबर १९७१ रोजी, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या (आजच्या बांगलादेशातल्या) टांगाईलजवळ आकाशातून उतरलेल्या २ पॅरा (मराठा) बटालियनचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकला जातो. ही मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण. तिच्या जवानांच्या त्या रात्रीबद्दल मराठीतच इतकं कमी वाचायला मिळावं, याचं फार वाईट वाटतं.

कामगिरी साधी नव्हती. जमालपूर-मैमनसिंगकडून ढाक्याकडे मागे हटणाऱ्या पाकिस्तानी ९३ ब्रिगेडची वाट तोडायची, त्यासाठी पुंगली पूल ताब्यात घ्यायचा. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखाली सुमारे सातशे जण उतरले. परदेशी वृत्तपत्रांनी मात्र पाच हजार उतरल्याच्या बातम्या दिल्या!

जे थोडंफार लिहिलं जातं ते उडीवरच थांबतं. स्टॅटिक लाइनची, म्हणजे पॅराशूट आपोआप उघडणाऱ्या पट्ट्याची, कडी विमानातल्या तारेला अडकवायची, पुढच्याच्या पाठीवरचं पॅराशूट तपासायचं, हिरवा दिवा लागला की दारातून बाहेर. हवेत जेमतेम मिनिटभर. पॅराट्रूपरचं युद्ध त्यानंतर सुरू होतं, आणि तेच आपल्याला माहीत नाही. डिसेंबरातला दिवस लवकर मावळतो. माणसं कित्येक किलोमीटरांत विखुरलेली, आजूबाजूला शेतं, तळी आणि ओढे, जड सामान भलतीकडेच पडलेलं. रणगाडे सोबत नाहीत, मागून कुमक कधी पोचेल याची खात्री नाही. अशा वेळी गावकरी धावून आले, दारूगोळ्याच्या पेट्या डोक्या-खांद्यावरून वाहून दिल्या. मुक्तिवाहिनीची, म्हणजे बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या बंगाली सैनिकांचीही साथ होती. त्याच संध्याकाळी पूल हाती आला आणि रात्री माघारी येणारं पाकिस्तानी सैन्य थेट या जवानांच्या माऱ्यात सापडलं. पाकिस्तान्यांनी पुन्हा पुन्हा हल्ले केले, पण पूल सुटला नाही. दुसऱ्या दिवशी उत्तरेकडून मराठा लाइट इन्फंट्रीची एक पलटण येऊन मिळाली. घरापासून इतक्या दूर, परमुलखातल्या एका पुलावर दोन मराठा पलटणींची गाठ पडली! तेव्हा ते एकमेकांशी काय बोलले असतील?

हे सांगू शकणारे जवान आता सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडून गेले आहेत. अधिकाऱ्यांच्या आठवणी थोड्याफार छापून आल्या. शिपाई, नाईक, हवालदार यांना सहसा कोणी विचारलेलंच नाही. अंधारात आपला माणूस कसा ओळखला, जखमी सोबत्याला कुठे ठेवलं, पहिला घास केव्हा मिळाला, गावकऱ्यांशी कोणत्या भाषेत बोलणं झालं, हे सगळं त्यांच्याच तोंडून, त्यांच्या बोलीत यायला हवं. शौर्यपदकांच्या यादीतून ते कधीच कळणार नाही.

आपल्या वृत्तपत्राचे वार्ताहर तालुक्या-तालुक्यांत आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांच्या मदतीने या माजी सैनिकांपर्यंत पोचणं त्यांना अवघड नाही. त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात, छापाव्यात आणि मूळ ध्वनिफिती विद्यापीठांच्या ग्रंथालयांत ठेवाव्यात. डिसेंबरची वाट न पाहता हे काम याच महिन्यात हाती घ्यावं, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक